प्लास्टिक कमी करायचंय? मग आधी खरेदी नको, आधी क्रम नीट लावा

प्लास्टिक कमी करायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्यांदा मोबाईल उघडतात आणि बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, ज्यूटच्या चार पिशव्या असं मागवून टाकतात, ते सगळं बबल रॅपमध्ये गुंडाळून घरी येतं आणि त्याच संध्याकाळी भाजीबरोबर सहा झबला पिशव्या यायच्या त्या येतातच. पंधरा दिवसांनी "मुंबईत हे शक्य नाही हो" म्हणून विषय बंद.

शक्य आहे. फक्त काम उलट्या टोकाकडून सुरू केलेलं असतं. घरात येणारं बरंचसं प्लास्टिक आपण विकत घेतलेलंच नसतं, कुणीतरी पटकन हातात दिलेलं असतं, आणि ते नको म्हणायला आपल्याकडे जेमतेम दोन सेकंद असतात. ते दोन सेकंद हातात यावेत म्हणून खालची सगळी तयारी. क्रम बदलू नका, टप्पा १ कंटाळवाणा वाटतो म्हणून तो गाळून पुढे उडी मारणारेच सगळ्यात आधी सोडून देतात.

## टप्पा १: आठवडाभर काही बदलू नका, फक्त साठवा

बाल्कनीत किंवा सिंकखाली एक जुनं पोतं नाहीतर बादली ठेवा आणि सात दिवस घरात आलेलं वापरून टाकायचं प्लास्टिक त्यात टाका. दुधाच्या पिशव्या, दह्याचे कप, सांबाराच्या पिशव्या विसळून, वाळवून टाकायच्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि घरातलेच लोक तुमचा प्रयोग उचलून बाहेर फेकतात. गणपती, दिवाळी, घरात पाहुणे असा आठवडा नको, साधा आठवडा घ्या. आणि या आठवड्यात शहाण्यासारखं वागायचं नाही! नेहमीसारखीच खरेदी करा, नाहीतर आकडा खोटा येतो.

रविवारी खाली पेपर पसरून सगळं ओता आणि ढीग करा. पण ढीग वस्तूंचे करू नका, ते कुठून आलं त्याचे करा. हा फरक महत्त्वाचा आहे. "पिशव्या ३४" हे कळून काही उपयोग नाही, "भाजीवाला १५, मासळी ४, वाणी ९, मेडिकल २, पार्सल ४" हे कळलं की कुठे जाऊन काय बोलायचं ते कळतं. वजन करू नका, नग मोजा, कारण झबला पिशव्यांना वजन असं काही नसतंच आणि वजनावर गेलात तर एक तेलाचा कॅन सगळ्यांना मागे टाकतो.

बघून घ्या: सगळ्यात जास्त नग देणारी तीन ठिकाणं तुम्हाला न अडखळता सांगता आली पाहिजेत. नाही आली तर ढीग परत करा.

## टप्पा २: काय सोडून द्यायचं ते आधीच ठरवा

हा छोटा टप्पा आहे पण याच्याशिवाय लोक स्वतःवर चिडत बसतात. औषधांच्या स्ट्रिप, इंजेक्शन, आजारी माणसाचं सामान, हाताला कंप असलेल्या आजोबांना लागणारा वाकणारा स्ट्रॉ, यांना हात लावायचा नाही. घरात असलेले प्लास्टिकचे डबे, बरण्यासुद्धा फेकायच्या नाहीत. चांगला डबा फेकून काचेचा आणणं म्हणजे कचरा वाढवणंच आहे, तो डबा तडा जाईपर्यंत वापरा, फक्त त्यात उकळतं काही ओतू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

मग यादीतलं पहिलं ठिकाण धरा. एकच. ते अंगवळणी पडलं की दुसरं. सगळीकडे एकदम सुरू केलं की चौथ्या दिवशी ऑफिसमधून उशीर होतो, पिशवी विसरते आणि सगळंच सुटतं.

## टप्पा ३: पिशव्यांचा संच, आणि तो कुठे राहणार ते

नवीन पिशव्या विकत घेऊ नका. कापूस पिकवायला, कापड विणायला पाणी आणि वीज लागतेच, त्यामुळे कापडी पिशवीचा फायदा ती शेकडो वेळा वापरली तरच होतो, आणि प्रत्येक लग्नात-सेमिनारमध्ये मिळालेल्या पंचवीस पिशव्या माळ्यावर पडल्या असतील तर त्या काही पर्यावरणाची सेवा करत नाहीयेत. आधी त्या काढा. कमी पडल्या तर जुनी सुती साडी, बेडशीट, पडदा घेऊन कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्याकडे जा.

एका घराला साधारण एवढं पुरतं:

- जाड कापडाच्या मोठ्या पिशव्या दोन, रुंद पट्ट्याच्या. अरुंद बंद असले की पाच किलो सामानात बोटं कापतात.
- पातळ सुती किंवा जाळीच्या छोट्या पिशव्या पाच-सहा, नाडी ओवलेल्या. भेंडी, मिरची, पालेभाजी, लिंबं यासाठी. खरं काम याच करतात आणि लोक नेमक्या याच करत नाहीत.
- घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, दोन-तीन लिटरचा, फक्त मासळी-चिकनसाठी.
- दुसरा लहान डबा, पार्सलसाठी.
- मुठीत मावेल अशी घडीची एक पिशवी, कायम जवळ ठेवायला.

सावधान: दुकानात "कापडी" म्हणून मिळणारी मऊ, रंगीत पिशवी, जिच्यावर बारीक ठिपके दाबल्यासारखी नक्षी असते, ती कापडाची नसते. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. घरात असेल तर फाटेपर्यंत वापरा, नवीन मागून घेऊ नका.

आता जागा. आपल्याकडे पिशवी नसते असं कधीच नसतं हो, ती घरी असते आणि आपण दादर स्टेशनच्या बाहेर असतो. म्हणून घडीची पिशवी ऑफिसच्या बॅगेत, स्कूटरच्या डिकीत एक, आणि मोठ्या पिशव्या चपलांच्या स्टँडजवळ खिळ्याला. कपाटात नाही, किचनमध्ये नाही. भाजी रिकामी केली की त्याच हाताने पिशवी परत खिळ्याला. "नंतर ठेवते" म्हटलं की ती धुण्यात जाते आणि चार दिवस सापडत नाही.

पावसाळ्यात एक जास्तीचं काम. जून ते सप्टेंबर ओल्या पिशव्या घडी करून ठेवल्या की काळे डाग पडतात आणि कुबट वास येतो, म्हणून आल्या आल्या पंख्याखाली टाका आणि संच थोडा जास्त ठेवा, एक वाळत असताना दुसरा हातात पाहिजे.

बघून घ्या: किल्ली, मोबाईल आणि पाकीट घेऊन दाराबाहेर पडा. या क्षणी तुमच्याजवळ एक तरी पिशवी आहे का?

## टप्पा ४: बाजारात, काट्याच्या आधी बोला

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. भाजी निवडतात, वजन होतं, भाजीवाल्याचा हात लटकवलेल्या गठ्ठ्याकडे जातो, सर्रकन पिशवी ओढली जाते, भाजी आत, गाठ, आणि मग आपण म्हणतो "अरे पिशवी नको होती". तो वैतागतो, आपण ओशाळतो, पिशवी घरी. बोलायची वेळ वजनाच्या आधीची आहे. त्यामुळे:

१. भाजीला हात लावायच्या आधी पिशवी काढून हातात दिसेल अशी धरा. दिसली की अर्धं काम झालं.
२. "दादा, काट्यावरून सरळ यात टाका" एवढंच म्हणा. लांबलचक भाषण नको. पर्यावरण, समुद्र, कासव काही सांगू नका, मागे गिऱ्हाईक उभं आहे.
३. वजन होत असताना पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून पारड्याजवळ न्या. त्याला सोपं पडलं पाहिजे, नाहीतर त्याचा हात सवयीने गठ्ठ्याकडेच जाणार.
४. खरेदीचा क्रम जड ते हलका. कांदे-बटाटे तळाला, मग गवार-भेंडी, काकडी, सगळ्यात शेवटी पालेभाजी आणि टोमॅटो. आधी टोमॅटो घेतले तर ते "वेगळ्या पिशवीत द्या ना" म्हणायची वेळ येते आणि ती वेगळी पिशवी प्लास्टिकचीच असते.
५. हिरवा मसाला. दहा रुपयांची मिरची-आलं-कोथिंबीर, त्यासाठी स्वतंत्र झबला पिशवी! एक छोटी जाळीची पिशवी फक्त यासाठी राखून ठेवा, नग पटकन कमी होतात ते इथे.

पिशवीत भरूनच दिलं तर? तिथल्या तिथे आपल्या पिशवीत ओता आणि कोरडी, स्वच्छ पिशवी परत द्या. तो ती पुढच्याला वापरेल, तरी चालेल, एक नवीन वाचली. शक्यतो भाजीवाला ठरलेला ठेवा, दोन-तीन आठवड्यांत तो तुम्हाला बघून गठ्ठ्याकडे हातच नेत नाही. रोज नवीन माणसाकडून संध्याकाळच्या गर्दीत घेतलं तर रोज पहिल्यापासून सुरुवात.

आणि समोरचा म्हणाला की "ही जाडवाली आहे मॅडम, ही चालते", तर ते बरोबर नाहीये. केंद्राच्या नियमात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरी बॅग बंद आहेत हे खरं, पण महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना त्याहून कडक आहे, तिच्यात जाडी कितीही असो, हँडलवाली असो वा बिनहँडलची, प्लास्टिकची कॅरी बॅग बंदच. पहिल्या वेळचा दंड ५,००० रुपये. हे तुमच्या माहितीसाठी, भाजीवाल्याला धमकावण्यासाठी नाही, तो पिशव्या हौसेने वाटत नाही, पिशवी नसलेलं गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं म्हणून वाटतो.

### मासळी आणि चिकन

इथे कापडी पिशवी चालत नाही, डबाच. आणि डबा कोळणीच्या पाटाजवळ मासे कापायला घेण्याआधी ठेवायचा. "मावशी, कापून यातच द्या." एकदा काळ्या पिशवीत गेलेली कोळंबी परत डब्यात ओतण्यात अर्थ नाही, ती पिशवी धुवून परत द्यायच्या लायकीची राहत नाही.

डब्याचं माप वाटतं त्यापेक्षा मोठं लागतं, सुरमईच्या तुकड्या एकावर एक नीट बसत नाहीत. आणि झाकण घट्ट पाहिजे म्हणजे पाहिजेच, लोकलमध्ये बोंबलाचं पाणी शेजारच्या माणसाच्या बुटावर गळलं तर डब्याचा प्रयोग तिथेच संपेल. घरी आल्यावर डबा आधी गार पाण्याने धुवा, मग साबण, मग लिंबाची साल किंवा चिंच चोळून पुन्हा. पहिल्यांदाच गरम पाणी घातलं की प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात आणि वास जाता जात नाही. हा डबा दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, त्यावर पर्मनंट मार्करने लिहूनच टाका.

## टप्पा ५: वाणी, गिरणी आणि दूध

डाळ-तांदूळ सुटे घ्यायचे तर डबे घेऊन जाणं किंवा कापडी पिशवीत आणून घरी बरणीत भरणं, दोन्ही चालतं. डबा नेलात तर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा, मग भरायला सांगा. हे विसरलं की डब्याच्या वजनाचे पैसे आपण तूरडाळीच्या भावाने देतो.

घरातली बरणी अर्धी भरलेली असताना वर नवीन धान्य ओतू नका. रिकामी करा, धुवा, पूर्ण कोरडी करा, मग भरा. मुंबईच्या हवेत थोडा जरी ओलावा राहिला तरी बुरशी धरते, आणि जुन्यातले किडे नव्यात जातात, मग माणूस म्हणतो सुटं सामान खराब असतं. खराब सामान नसतं, बरणी ओली असते. पावसाळ्यात महिन्याचं एकदम भरू नका, पंधरा दिवसांचं आणा.

सुटं सगळंच घ्यायचं नसतं, हेही सांगून ठेवते. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षा नियमांनुसार मनाई आहे, भेसळीमुळे, त्यामुळे तिथे एक लिटरच्या पिशव्यांऐवजी पाच लिटरचा कॅन किंवा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या, डबा नंतर भंगारवाला घेतो. तिखट-हळदीची सुटी पूडसुद्धा नको. त्यापेक्षा मिरची, धणे, अख्खा गरम मसाला आणून उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कांडून घ्या, लालबागच्या मिरची गल्लीत खरेदी आणि कांडप एकाच ठिकाणी होतं, मोठा डबा सोबत न्या. पिठाचं तर सोपंच, गहू डब्यात गिरणीवर, पीठ त्याच डब्यात परत. जे पाकिटातच मिळतं ते मोठं पाकीट घ्या, एक किलोच्या पाच पिशव्यांपेक्षा पाच किलोच्या एकीला प्लास्टिक कमी लागतं.

दूध. जवळ तबेला किंवा सुटं दूध देणारा भरवशाचा माणूस असेल तर किटली, आणि दूध उकळूनच. नसेल तर पिशवी येऊ द्या पण ती कापायची पद्धत बदला. कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, थोडी चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच भंगारात जात नाही, झाडूने गटारात जातो. पिशवी उलटी करून धुवा, टाईल्सवर चिकटवून वाळवा, गठ्ठा झाला की भंगारवाल्याला द्या, दुधाच्या पिशव्यांना भाव मिळतो.

बघून घ्या: कापलेल्या पिशवीला कोपरा अजून जोडलेला आहे? घरात दूध कापणाऱ्या प्रत्येकाला हे दाखवलंय? स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनासुद्धा?

## टप्पा ६: घराबाहेर, चहा, पाणी, पार्सल

पाण्याची बाटली घरून भरून. इथे फार लिहिण्यासारखं नाही, बाटली स्टीलची, तोंड मोठं (घासता आलं पाहिजे), आणि ऑफिसमध्ये मीटिंगसाठी छोट्या बाटल्या मागवणाऱ्या माणसाशी एकदा बोलून जग आणि ग्लास ठेवायला लावा, त्याने एकट्याच्या बाटलीपेक्षा जास्त फरक पडतो.

चहाचं मात्र समजून घ्या. कागदी कप म्हणजे नुसता कागद नाही. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये असं दिसलं की पंधरा मिनिटं गरम पेय कपात राहिलं तर १०० मिलीलिटरमध्ये साधारण २५,००० सूक्ष्म प्लास्टिकचे कण उतरतात. टपरीवर "कटिंग काचेच्या ग्लासात द्या" म्हणा, ग्लास असतात त्याच्याकडे, ऑफिसमध्ये स्वतःचा मग. चंदेरी चकचकीत द्रोण आणि प्लेट यांचीही तीच गोष्ट, कागदावर प्लास्टिकचा मुलामा असतो, ते ना धड कागदात जातं ना प्लास्टिकात.

दुसरी चूक एकदम उलटी. प्लास्टिक नको म्हणून गरम वडा, भजी वर्तमानपत्रात बांधून घेणं. छपाईची शाई तेलात उतरते, एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, यावर लोकांना सावध केलेलं आहे. तिथेच प्लेटमध्ये खा नाहीतर डब्यात घ्या.

पार्सलचा क्रम असा. ऑर्डर देताना डबा काउंटरवर ठेवायचा, पैसे दिल्यावर नाही. आत किचनला ऑर्डर गेली की इडली-सांबार पॅक होऊन लटकलेलंच असतं. उकळतं सांबार पातळ पिशवीत हा मला तरी सगळ्यात वाईट प्रकार वाटतो, बाकी काही जमलं नाही तरी एवढं तरी बंद करा. चटणीला वेगळी वाटी लागते, ती न्यायला लोक विसरतात. ॲपवरून मागवत असाल तर चमचे, टिश्यू, केचप नको हा पर्याय बघा, पण डबे येणारच, सूचनेत कितीही लिहिलं तरी. त्यामुळे दहा मिनिटांवरचं हॉटेल असेल तर चालत जा.

नारळपाण्याला स्ट्रॉ लागत नाही, "तोंड मोठं कापा" म्हणा आणि नारळ वर करून प्या. शर्टावर सांडतं थोडं. उसाचा रस काचेच्या ग्लासात मिळतोच.

## टप्पा ७: बाथरूम

शॅम्पूच्या पुड्या बंद, मोठी बाटली आणा. पुडी अनेक थरांची असते आणि ती भंगारवाला घेत नाही, बाटली घेतो. हँडवॉशऐवजी साबणाची वडी. टूथब्रश संपल्यावर कंगवे, गॅसच्या खाचा घासायला. मासिक पाळीसाठी कप किंवा कापडी पॅड हा ज्याचा त्याचा निर्णय, घरातल्या कुणावर लादू नका, साधे पॅड वापरत असाल तर पेपरमध्ये गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या, काळ्या पिशवीची गरज नाही.

## टप्पा ८: "मग कचरा कशात टाकायचा?"

हा प्रश्न येतोच. बरेच जण भाजीच्या पिशव्या याच कारणासाठी घेतात, त्यामुळे हा टप्पा जमला नाही तर टप्पा ४ पण टिकत नाही.

पिशवी लागते कारण ओला आणि सुका एकत्र असतो. वेगळा केला की सुक्याला पिशवी नकोच, तो गळत नाही, वासही नाही. ओल्यासाठी:

१. सिंकमध्ये जाळीचं भांडं, चहाचा चोथा, भाताचं पाणी आधी निथळू द्या. निम्मी घाण पाण्याचीच असते.
२. डब्याच्या तळाला पेपरची घडी, एक पान आडवं, एक उभं, कडा वर येतील असं.
३. सालं वगैरे त्यावर. मासळीची घाण पेपरच्या पुडीत बांधून, शक्य असेल तर कचरा न्यायला येतात त्या दिवशी सकाळी टाका, तोपर्यंत फ्रीजरमध्ये.
४. सकाळी डबा सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात पालथा करा. मग विसळून दहा मिनिटं उन्हात.

यात अडचण घरातली नसते, कचरा न्यायला येणाऱ्या माणसाची असते. तो वीस मजले चढून प्रत्येकाचा डबा रिकामा करणार, त्याला पिशवी सोपी पडते. त्यामुळे आधी त्याच्याशी बोला, त्याला झाकणाची मोठी बादली आणि हातमोजे सोसायटीकडून मिळतील असं बघा, मग डबा बिनपिशवीचा करा. न विचारता केलंत तर तिसऱ्या दिवशी दार वाजणार.

सावधान: हिरव्या रंगाच्या "बायो", "इको" लिहिलेल्या कचऱ्याच्या पिशव्या बघून भुलू नका. खरी कंपोस्टेबल, म्हणजे खत होणारी पिशवी आयएस १७०८८ या भारतीय मानकाप्रमाणे प्रमाणित असते आणि तीही औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत कुजते, बाल्कनीतल्या कुंडीत किंवा समुद्रात नाही. ती भंगाराच्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो सगळा लॉट बिघडतो.

सुक्याचं म्हणाल तर बाटल्या-डब्यांच्या तळाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो. १, २ आणि ५ भंगारवाला सहसा घेतो. वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे चकचकीत कागद कुणीच घेत नाही, ते कांजूरमार्ग किंवा देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर जाऊन पडतात, म्हणून ते कमी आणणं हाच उपाय, फरसाण-वेफर्स दुकानातून डब्यात घ्या. जे द्यायचं ते विसळून, कोरडं करून द्या. तेलकट, खरकटा डबा धारावीतल्या रिसायकलिंगवाल्यालाही परवडत नाही.

## टप्पा ९: सण आणि सोसायटीचे कार्यक्रम

वर्षभर सांभाळलेलं एका पूजेत जातं. पन्नास माणसं जेवायला म्हणजे डिस्पोजेबल, असं गृहीतच धरलेलं असतं. खरं तर प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, स्ट्रॉ हे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद केलेल्या यादीत आहेत, तरी मिळतात. स्टीलची ताटं मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात, कित्येक चाळींत, मंडळांत सामायिक भांडी पडून असतात. पण आधी धुणार कोण हे ठरवा, मेनूच्या आधी. हे ठरलं नाही की आदल्या रात्री कुणीतरी जाऊन डिस्पोजेबलचे गठ्ठे आणतोच. धुणाऱ्या ताईंचे पैसे वर्गणीतच धरा. नाहीच जमलं तर पळसाच्या पत्रावळी किंवा सुपारीच्या पानांच्या प्लेट, ऑर्डर आठवडाभर आधी.

हळदीकुंकवाचं वाण हा माझा खास राग आहे. दहा-दहा रुपयांचे प्लास्टिकचे डबे, गाळण्या, टोपल्या, दर संक्रांतीला घरोघरी फिरतात आणि पुढच्या संक्रांतीला दुसरीच्या घरी जातात. गूळ द्या, कुंडीतलं तुळशीचं रोप द्या, काहीही द्या. तिळगूळही छोट्या पिशवीत स्टेपल करायची गरज नाही, डब्यातून हातावर.

गणपतीला थर्माकोलचं मखर महाराष्ट्रात बंद आहे, लाकडी घडीचं मखर एकदा केलं की वर्षानुवर्षं चालतं. निर्माल्य परडीत नाहीतर कापडी पिशवीत न्या. चौपाटीवर निर्माल्य कलश असतात, त्यात पिशवीसकट टाकू नका, फुलं-दूर्वा तेवढ्या रिकाम्या करा, हारातली प्लास्टिकची फुलं, चमकी, जरीचा धागा घरीच काढून ठेवा, कारण त्याचं खत करायचं असतं आणि कलशापाशी उभं राहून ते वेचायला कुणालाच वेळ नसतो.

## टप्पा १०: दोन महिन्यांनी पुन्हा पोतं

टप्पा १ तसाच पुन्हा करा, साधा आठवडा धरून. आकडे शेजारी शेजारी लिहा. बऱ्याच घरांत असं होतं की झबला पिशव्या कमी होतात आणि ऑनलाइन सामानाचं पॅकिंग वाढलेलं असतं, कारण बाजारात जायचा कंटाळा करून ॲपवरून भाजी मागवायला सुरुवात झालेली असते, एकेक मिरचीची वेगळी पिशवी. तसं दिसलं तर ॲपची भाजी बंद करून टप्पा ४ परत. पार्सलचे काळे डबे वाढले असतील तर टप्पा ६. आणि दुधाच्या पिशव्या तेवढ्याच असतील तर त्यांना सोडा, त्या भंगारात जातायत ना एवढंच बघा.